संध्याकाळी सातनंतर बसायचं कुठे?

चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे भरिताचे बेत सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण चाळीसगावपासून थोडं बाहेर, एका मित्राच्या शेतात जमलो होतो. वांगी मात्र यावलकडून मागवलेली. त्या लांबट, फिकट हिरव्या, कमी बियांच्या वांग्याची चव दुसऱ्या कुठल्या वांग्याला नाही, याबद्दल आमच्यात कधी वाद झालेला नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला फक्त एवढंच वाटलं की सरकारला उशिरा कळलं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजली, सालं काढली, हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी ठोंब्यानं ठेचली. मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि सढळ तेलाची फोडणी. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी ज्याच्या त्याच्या घरून आल्या होत्या. केळीच्या पानावर जेवणं झाली.

आमच्यातला एक जण जिनिंगमध्ये काट्यावर काम करतो. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या. त्यानं जेवण झाल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर बालकवींची एक कविता त्यानं स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली. दुसऱ्या वेळी एक जण म्हणाला, "थांब भो, ती ओळ परत म्हण." त्या एका ओळीवर आम्ही विस्तव विझेपर्यंत बोलत राहिलो. आमच्यातल्या शेतकरी मित्रानं ओढ्याच्या पाण्याच्या रंगाबद्दल जे सांगितलं ते मला कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळालं नसतं.

परत येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. एवढ्यासाठी आम्हाला गावाबाहेर बारा किलोमीटर का यावं लागलं? लाखाच्या घरात वस्ती असलेल्या आमच्या शहरात सात माणसांना संध्याकाळी सातनंतर, काहीही विकत न घेता, कुणाच्याही घरच्यांची अडचण न करता, दोन तास बसता येईल अशी एकही जागा नाही. टपरीवर चहा उभ्यानं प्यायचा आणि निघायचं. हॉटेलात मागची माणसं टेबलाकडे बघत उभी असतात. वाचनालय बंद झालेलं असतं. बागेतले दिवे अर्धे लागतात, अर्धे नाही. रात्री नऊनंतर चार मित्रांना निवांत बसू देणारी जागा म्हणजे परमिट रूम. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हे असंच दिसेल. ही आमच्या गावांची आणि आपल्या सार्वजनिक धोरणाची मोठी चूक आहे असं माझं मत आहे, आणि ती दुरुस्त करायला फार पैसा लागत नाही.

आधी एक जुना गैरसमज. पुस्तकं, गाणं, चित्रं, चांगलं खाणं या ज्याच्या त्याच्या खासगी आवडी आहेत, त्यात नगरपालिकेचा काय संबंध, असं आपण धरून चालतो. आपल्या भाषेत 'नाद' हा शब्द तंबोऱ्यालाही लागतो आणि बिघडलेल्या पोरालाही. "मित्रांच्या नादी लागला" हे वाक्य माझ्या आईनं माझ्याबद्दल बोललेलं मला नीट आठवतं. मी तेव्हा दहावीत होतो आणि शाळा सुटली की एका शिंपीदादांच्या दुकानात जाऊन बसायचो. त्यांच्याकडे रेडिओ होता आणि कापडाच्या चिंध्यांखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा होता. ते एक अंक काढायचे, पान मुडपून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हे वाच, आणि मग मला सांग." या 'मग मला सांग'मुळे मी वाचायला लागलो. परत जाऊन सांगायचं आहे म्हटल्यावर डोळे नुसते ओळींवरून फिरवता येत नाहीत. कधी मी म्हणायचो, आवडलं नाही. मग दादा मशीन थांबवायचे आणि का आवडलं नाही ते विचारायचे. माझ्यासारख्या पोराला कारण विचारणारा तो पहिला मोठा माणूस.

म्हणून फोनवर सगळं मिळतं, आता जागा कशाला, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. फोनवर मिळतं हे खरं आहे. रात्री अकरा वाजता शेतातल्या खाटेवर पडून कुमार गंधर्व ऐकता येतात ही माझ्या लहानपणी कल्पनेतही नसलेली श्रीमंती आहे आणि मी ती रोज उपभोगतो. पण फोनवर रोज चाळीस गोष्टी पुढे ढकलल्या जातात, आणि पाठवणाऱ्यानं त्यातल्या तीस स्वतः पाहिलेल्या नसतात. समोर बसलेला मित्र एखादं पुस्तक हातात ठेवतो तेव्हा तो त्या पुस्तकाला जामीन राहतो. पुस्तक फसलं तर त्याला धरता येतं. भरीत बिघडलं तर ते त्याच्या तोंडावर सांगता येतं. आवड अशी वाढते, वादातून, पुन्हा चाखण्यातून, "तू म्हणत होतास ते आता कळलं" असं दोन वर्षांनी कबूल करण्यातून.

खान्देशचा इतिहास या बाबतीत मला फार बोलका वाटतो. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे नावाचा मुलगा १९०७ साली जळगावला कविसंमेलनात उभा राहिला, त्याची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि ते नाव कायमचं झालं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून मला जवळचं वाटतं ते धुळ्याच्या तुरुंगातलं १९३२ साल. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला अठरावा अध्याय संपला. समोर बसलेल्या राजकैद्यांमध्ये साने गुरुजी होते आणि ते भराभर लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते एका ऐकणाऱ्यानं ऐकता ऐकता लेखणी चालवली म्हणून. विचार केला तर अंगावर काटा येतो. त्या तुरुंगात काय होतं? एक बोलणारा, काही ऐकणारे, आठवड्याचा ठरलेला दिवस आणि बसायला जागा. बाहेर मोकळं असलेल्या आम्हाला यातलं शेवटचं मिळत नाही.

साने गुरुजी १९२४पासून काही वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तिथलं वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढत होते. पुढे त्यांनी 'श्यामची आई' लिहिली तेव्हा प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं दिली. श्याम आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना रात्री बसून गोष्टी सांगतो आहे. महाराष्ट्रात घराघरांत गेलेलं हे पुस्तक मुळात मित्रांच्या रात्रीच्या बैठकीच्या रूपात बेतलेलं आहे, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

आणि बहिणाबाई. १९५२ साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. त्याच वर्षी असोद्याच्या या बाईची गाणी पुस्तकरूपानं आली. तोवर ती गेलेली होती, १९५१च्या डिसेंबरात. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर तिनं जे म्हटलं ते मुलानं, सोपानदेवांनी आणि एका नातलगानं वेळोवेळी टिपून ठेवलं, सोपानदेवांनी संकोचत ते अत्र्यांना दाखवलं आणि अत्र्यांनी ते सोनं ओळखून जगासमोर आणलं. एकाला आवडलं, त्यानं दुसऱ्याला ऐकवलं, दुसऱ्यानं आवाज चढवून सगळ्यांना सांगितलं, एवढीच ती साखळी. संमेलनाचा मांडव आणि ही साखळी एकाच वर्षातली आहे. मांडव उतरला. साखळीनं दिलेलं आज शाळेतल्या पोराच्या तोंडी आहे.

मी संमेलनांच्या विरोधात नाही. बहात्तर वर्षांनी, २०२४च्या फेब्रुवारीत, अमळनेरला पुन्हा संमेलन आलं तेव्हा मी तिन्ही दिवस तिथं होतो आणि पुस्तकांच्या गाळ्यांमधून खेड्यापाड्यातली माणसं पिशव्या भरून नेताना पाहून माझे डोळे भरून आले होते. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं, तिथंही गेलो. पण तीन दिवसांचा मांडव हा पाऊस आहे. वर्षभर विहिरीला पाणी राहायचं तर जमिनीत मुरायची सोय लागते. त्या पिशव्यांमधली पुस्तकं घरी गेल्यावर वाचून कुणाशी बोलायचं? आपला सांस्कृतिक खर्च बघा. नाट्यगृह, महोत्सव, स्वागतकमान, पुतळा, मान्यवरांचे सत्कार. या प्रत्येकात एक जण वर बसतो आणि बाकीचे खाली. मित्र एका उंचीवर बसतात. त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात ओळ नाही.

पूर्वी ही सोय घरांच्या बांधणीतच होती. आमची जुनी घरं धाब्याची, पुढं ओटा. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. जगणं सूर्य मावळल्यावर सुरू व्हायचं. ओट्यावर पाणी मारायचं, घोंगडी टाकायची, येणारा-जाणारा टेकायचा. धाब्यावर झोपलेल्या पोरांना शेजारच्या धाब्यावरचा रेडिओ ऐकू यायचा आणि नाटक संपल्यावर दोन्ही धाब्यांवरून चर्चा चालायची. आता स्लॅबची घरं झाली. रस्ता रुंद झाला तेव्हा ओटे गेले, उरले तिथं मोटारसायकलसाठी उतार झाला. हा कुणाचा दोष नाही, घर गार ठेवायचं आणि दार बंद करायचं हे प्रत्येकाला करावंच लागतं. पण जे घरानं सोडलं ते गावानं उचलायला हवं होतं, ते उचललं नाही. आणि ज्या प्रदेशात माणसं उन्हाळ्याचे चार महिने सातनंतरच घराबाहेर पडू शकतात तिथं वाचनालयं सातच्या आत बंद होतात. हे वेळापत्रक आमच्या हवेकडे पाहून कुणी केलेलंच नाही.

यात एक कठीण भाग आहे, तो टाळून लिहिणं बरोबर होणार नाही. जागा अगदीच नाहीत असं नाही. मंगल कार्यालयं आहेत, समाजमंदिरं आहेत, आमदार-खासदार निधीतून बांधलेली सभागृहं आहेत. बहुतेकांच्या दारावर एकेका समाजाचं नाव आहे. आमच्या सात जणांत पाच जाती आहेत आणि एक जण मुसलमान आहे. आम्ही कुणाच्या सभागृहात बसायचं? ज्याच्या समाजाचं सभागृह त्यानं किल्ली मागितली तर कदाचित मिळेलही, पण बाकीचे पाहुणे होतात. शेतात आम्ही सगळे एका पानावरचं भरीत खातो. तीस वर्षांपूर्वी आमच्यातल्या दोघांच्या घरी हे चाललं नसतं. त्यातल्या एकाच्या आजीनं वेगळा पेला ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्याच घरात आज मुसलमान मित्राच्या आईच्या हातच्या शेवया ईदला वाट पाहून खाल्ल्या जातात. हा बदल भाषणांनी झाला नाही. दोन पोरांना एकाच पेटीवादकाचं वेड लागलं, रियाज ऐकायला ती एकमेकांच्या घरी जायला लागली, उशीर झाला की जेवायला थांबायला लागली. ताटाच्या सीमा आवडीनं ओलांडल्या. जी जागा कुणाच्याच समाजाची नाही आणि म्हणून सगळ्यांची आहे, ती फक्त सार्वजनिक संस्थाच देऊ शकते. माझ्या मते नगरपालिकेचा यात संबंध काय, या प्रश्नाचं हेच सगळ्यात ठाम उत्तर आहे.

बायकांचं याहून अवघड आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. लहानपणीच्या मैत्रिणींनी गाणी एकमेकींना द्यायचा तो हक्काचा सण. कानबाई या देवीच्या सणाच्या रात्री जागवतात तेव्हाही आवाज त्यांचाच असतो. चैत्रात बिबड्या, पापड, कुरडया घालायला पहाटे धाब्यावर गल्ली जमायची तेव्हा कामासोबत गाणं आणि गाण्यासोबत चेष्टा चालायची. माझ्या बहिणीला शंभराच्या वर आखाजीची गाणी येतात. तिची मैत्रीण नंदुरबारकडे दिलेली, दुसरी सुरतेला. तिला मी विचारलं, आखाजी सोडून वर्षात कधी गायलीस? म्हणाली, "कोना मोरे म्हनू?" कुणापुढे म्हणू. पुरुषांना निदान टपरी आहे, पार आहे, शेत आहे. लग्न झालेल्या बाईनं संध्याकाळी मैत्रिणींसोबत कविता वाचायला, गाणं म्हणायला घराबाहेर पडायचं तर त्याला आमच्याकडे नावच नाही. बचतगटाची बैठक चालते, हळदीकुंकू चालतं, सत्संग चालतो. ज्या भूमीनं बहिणाबाई दिली त्या भूमीत तिच्या नातींना बसायला देवाचं किंवा पैशाचं निमित्त लागावं, याची मला लाज वाटते. म्हणून जागा मागताना मी दुपारी दोन ते पाच ही वेळही मागतो, आणि ती फक्त बायकांसाठी.

पोट भरलेल्यांचे हे विषय आहेत असं म्हणणारे भेटतात. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणारी गावं आमच्याकडे आहेत, कापसाला भाव नसतो, तरणी पोरं सुरत-पुण्याला निघून जातात, तिथं कवितेची खोली मागणं शोभतं का? मला हा आक्षेप गंभीर वाटतो, कारण तो करणारी माणसं खोटी नाहीत. पण जिनिंगमध्ये काट्यावर उभ्या असलेल्या माझ्या मित्राला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला की आठवड्यातली ती एक संध्याकाळ नसती तर तो कधीच दारूला लागला असता. बहिणाबाईचं पोट भरलेलं होतं म्हणून तिनं गाणी रचली नाहीत. कष्ट करणाऱ्या माणसालाच सोबतीची आणि सुराची गरज जास्त लागते. पोरं गाव सोडतात ती नोकरीसाठी हे खरं, पण परत येऊ शकणारी काही येत नाहीत, कारण संध्याकाळी बोलायला कुणी नाही. हे मला त्यांनीच सांगितलं आहे.

शिवाय खर्च कसला? १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून तिथली नगरी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून उभी केली. देशभरातली माणसं त्या बांबूच्या कमानींखाली बसली. आम्हाला तर बांबूही रोवायचे नाहीत. शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. वाचनालयांच्या इमारती आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं उभी राहिली, ही या राज्यानं केलेल्या फार चांगल्या कामांपैकी एक आहे. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, ग्रंथ किती, सभासद किती हे मोजलं जातं. त्यात आणखी एक रकाना घाला: वाचनालयात वर्षभरात वाचकांच्या किती बैठका झाल्या. आणि संध्याकाळी थांबणाऱ्या माणसाचा मोबदला वेगळा द्या. ग्रंथपालांवर मी हे फुकट लादणार नाही. इतक्या तुटपुंज्या पगारावर ती माणसं पुस्तकं जपतात हेच पुष्कळ.

गेली दोन वर्षं आम्ही एका शाळेकडे वर्ग मागत होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त आहे. नगरपालिकेनं लेखी जबाबदारी घेतली की तो सुटतो. तोवर आम्ही गुरुवारी त्याच शिंपीदादांच्या दुकानात बसतो. दादा राहिले नाहीत, दुकान त्यांचा मुलगा चालवतो, तो आमच्या सातांतलाच. आठ वाजता दोन मशीन भिंतीला लावायची, कापायच्या टेबलाखालून सतरंजी काढायची. गेल्या गुरुवारी धुळ्याच्या 'कविता-रती'चे जुने अंक निघाले. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली सुरू केलेलं, फक्त कवितेला वाहिलेलं हे द्वैमासिक. वाचता वाचता साडेदहा कधी झाले कळलं नाही. त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो, दोघं दाराबाहेर पायरीवर बसून ऐकत होती. दुकानात आता याहून जास्त माणसं मावत नाहीत.

नगरपालिकेला आम्ही अर्ज दिला आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली, जिथं सध्या मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, ती मागितली आहे. दुपारी दोन ते पाच बायकांसाठी, संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांसाठी. माइक नको, मंच नको, उद्घाटनही नको. दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा लागेल, आणि किल्ली. सतरंजी आणि पाण्याचा माठ आमचा.